लंगोटांचा करारनामा

घरात मूल येणार असे निश्चित झाले, म्हणजे नावापासून पाळण्यापर्यंत अनेक विषयांवर वडीलधाऱ्या मंडळींची खलबते सुरू होतात; परंतु ज्या एका वस्तूशी त्या नवजात जिवाचा आणि त्याच्या मातेचा अहोरात्र संबंध येणार असतो, त्या लंगोटाचा विषय मात्र बाळंतविड्याच्या यादीत झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची यांच्या शेवटी जोडून एका ओळीत निकालात काढला जातो. पुण्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात तसे घडले नाही. तेथील सूनबाईंना आठवा महिना लागला होता, प्रसूती श्रावणात अपेक्षित होती, आणि व्यवसायाने त्या हिशेब तपासनीस असल्यामुळे कोणताही खर्च रुजुवात केल्यावाचून मंजूर करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्यासमोर बसल्या होत्या त्यांच्या यजमानांच्या आत्याबाई, ज्यांची सारी नोकरी नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेली. वयावरून पक्ष ठरवायचा झाला तर कापडाची वकिली वृद्धेने करावी आणि बाजारातल्या तयार डायपरची तरुणीने, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. येथे नेमके उलटे होते. त्या संभाषणास हजर राहण्याचा योग मला आला. त्याचा गोषवारा पुढे देत आहे.

सूनबाई : आत्याबाई, मी साधा जमाखर्च मांडला आहे, तो आधी ऐकून घ्या. पहिल्या महिना-दीड महिन्यात मूल दिवसाकाठी दहा-बारा लंगोट ओले करते, पुढे हे प्रमाण उतरत जाते. म्हणून अडीच वर्षांच्या मुदतीत सरासरी रोजचे सहाच धरले, तरी एकूण आकडा साडेपाच हजारांच्या घरात जातो. नगाला दहा रुपये धरा, म्हणजे जवळजवळ पंचावन्न हजार रुपये आपण दुकानातून आणून, बाळाला बांधून, सोडून, कचऱ्याच्या डब्यात टाकणार. उलटपक्षी तीन डझन सुती लंगोट, सहा-सात जलरोधक आवरणे, साबण, पाणी आणि वीज हा सारा खर्च त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, शिवाय तीच वस्त्रे पाठच्या भावंडाच्याही कामी येतात.

आत्याबाई : हिशेब चोख आहे, पण त्यातला एक रकाना तू कोराच ठेवलास. धुणार कोण? आमच्या पिढीत हा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर देण्याची पाळी ज्यांच्यावर येई त्यांना बोलण्याची मुभा नव्हती. ज्यांची ऐपत होती ते बाळंतिणीच्या धुण्याला वेगळी बाई लावीत, तिने आणलेली बादली घरातल्या इतर कपड्यांना लागू देत नसत, आणि सोयर फिटेपर्यंत तिलाही चार हात दूर उभी करीत. ज्यांची ऐपत नव्हती त्यांच्याकडे धाकटी नणंद, विधवा आत्या किंवा सव्वा महिना होताच स्वतः बाळंतीण मोरीशी बसे. सोड्याने सोललेली बोटे घेऊन आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. आणि तुझे मूल श्रावणात येणार! श्रावणात शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट पसरावे लागत, खाली निखाऱ्यांवर ओव्या-शेपांची धुरी पडे, आणि बाळाच्या अंगाला दुधाच्या वासाआधी धुराचा वास लागे. टोपलीच्या कडेचा लंगोट करपे, मधला दमट राही, आणि तो दमट लंगोट बाळाच्या ढुंगणाला लालभडक करून सोडी. त्या सगळ्यांतून ज्या वस्तूने बायकांची सुटका केली, तिला तू उधळपट्टी म्हणतेस, याचे मला नवल वाटते.

सूनबाई : सुटका झाली हे मला मान्य आहे, पण त्या सुटकेच्या इतिहासातही एक गंमत आहे. अमेरिकेत मॅरिअन डोनोव्हन नावाच्या बाईने चादरी वारंवार भिजतात म्हणून न्हाणीघराचा जलरोधक पडदा कापून कापडी लंगोटावर घालायचे आवरण शिवले, आणि १९५१ साली त्याचे पेटंट मिळवले. पिनेची टोचणी टाळण्यासाठी तिने त्याला दाबाची बटणे लावली होती. आज आपण जी बटणांची जलरोधक आवरणे घेतो, ती त्याच आवरणाच्या वंशातली. म्हणजे लंगोट धुण्याचा त्रास कमी करण्याचा एक प्रयत्न कापड कायम ठेवूनही झाला होता.

आत्याबाई : आणि दुसरा प्रयत्न कापड टाकून देऊन झाला, तो यशस्वी ठरला. १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आले, त्यामागचा रसायनतज्ज्ञ व्हिक्टर मिल्स हा स्वतः नातवंडांचा आजोबा होता आणि नातवंडांचे लंगोट बदलण्याचा त्याला कंटाळा होता, असे सांगतात. पुरुषमाणसाला आठवड्यातून एकदोनदा हे काम करावे लागले, तर कारखाना उभा राहिला. बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत होत्या, तेव्हा कोणालाही काही सुचले नाही. पुढे १९८० च्या दशकात त्यात ते पाणी शोषणारे दाणे आले, आणि मूल रात्रभर कोरडे झोपू लागले. मूल झोपले म्हणजे आई झोपते. बाळंतिणीच्या झोपेची किंमत तुझ्या कोणत्या रकान्यात धरली आहेस?

सूनबाई : ती धरायलाच हवी. पण मी तुम्हाला विचारते, सकाळी तो फुगलेला डायपर डब्यात गेल्यावर पुढे काय होते? ते दाणे म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, सभोवती लाकडाचा लगदा आणि वरखाली प्लास्टिकचे पडदे. यातले दाणे आणि प्लास्टिक मातीत मिसळत नाहीत, आणि आतली विष्ठा तशीच गुंडाळलेली राहते. आपल्या दारी कचरा न्यायला येतात त्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या बायका. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा उचलते. भंगार निवडण्यावर ज्यांची मिळकत अवलंबून आहे, त्यांच्या हाताला सुक्या कचऱ्यात दुसऱ्याच्या मुलाची शी लागते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत लिहिले होते की वापरलेले डायपर उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळून द्यावेत. पण आपल्या इमारतीत किती घरे ही अंमलबजावणी करतात, ते तुम्ही रोज जिन्यात पाहता. तुम्ही ज्या बाईच्या सोललेल्या बोटांविषयी बोललात, ती बाई मोरीतून उठली खरी. पण तिच्या जागी आपण दुसरी बाई बसवली, फक्त ती आपल्या मोरीत बसत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही.

या उत्तरानंतर आत्याबाई काही वेळ बोलल्या नाहीत, आणि त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्यांच्या स्वभावात माघार नव्हती, परंतु दुसऱ्याचा पुरावा वजनदार असेल तर त्याची नोंद न घेता पुढे जाण्याचा अप्रामाणिकपणाही नव्हता.

आत्याबाई : हे तू बरोबर बोललीस. माझ्या नोकरीत वॉर्डातली घाण उचलणाऱ्या बायकांना हातमोजे मिळावेत म्हणून मी किती अर्ज केले, ते मलाच ठाऊक. पण एका बाजूचे पाप दाखवले म्हणजे दुसरी बाजू पुण्यवान ठरत नाही. धुण्यालाही पाणी लागते, तापवायला वीज लागते, आणि धरणात पाणी कमी झाले की या शहरात एक दिवसाआड नळ येतो. कापड म्हणजे निसर्गाचे कैवारी, असे जे सरसकट सांगतात, त्यांनी मोजमाप केलेले नसते.

सूनबाई : मोजमाप झाले आहे, आणि मी ते लपवणार नाही. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अडीच वर्षांच्या वापराचा हवामानावरचा भार काढला होता. तो टाकाऊ डायपरचा सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरला आणि कापडी लंगोटांचा सुमारे ५७०.

आत्याबाई : म्हणजे तुझा पक्ष वीस किलोंनी हरला!

सूनबाई : तेथील सर्वसाधारण घराच्या सवयी धरल्या तर हरला. पण त्याच अहवालाने पुढे सांगितले आहे की कपडे शक्य तेव्हा बाहेर दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून लावले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर हा भार ४० टक्क्यांनी उतरतो. आणि विजेच्या यंत्रात वाळवले, तर तो आणखी चढतो. पुढे २०२३ साली तिथल्या पर्यावरण खात्याने नव्याने हिशेब केला, तेव्हा टाकाऊ डायपरचा आकडा सुमारे ४५७ आणि कापडाचा सुमारे ३४५ निघाला. म्हणजे कापडाचा गुण कापडात थोडा आणि वापरणाऱ्याच्या शिस्तीत अधिक. आता सांगा, आपल्याकडे कपडे वाळवण्याचे विजेचे यंत्र आहे काय? गच्चीवर दोरी आहे, आणि वर्षाचे आठ महिने ऊन फुकट आहे.

आत्याबाई : आणि उरलेले चार महिने तुझ्याच वाट्याला आले आहेत. बरे, पैशाचे आणि पृथ्वीचे झाले. आता माझ्या खात्याचे ऐक. ओला कपडा अंगाला चिकटून राहिला की मूत्र आणि विष्ठा यांच्या संयोगाने नाजूक त्वचा फुटते. ते दाणे ओल आत ओढून घेतात म्हणून त्वचा अधिक कोरडी राहते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कापड बांधणारी आई आळशी असेल, तर मुलाला त्याचे प्रायश्चित्त ताबडतोब मिळते.

सूनबाई : हे मला मान्य. पण आत्याबाई, सकाळच्या फेरीत प्रत्येक खाटेशी उभ्या राहून तुम्ही बाळंतिणीला पहिला प्रश्न कोणता विचारीत होता?

आत्याबाई : (हसून) ‘बाळाने किती वेळा शू केली?’ हाच.

सूनबाई : आणि ज्यांच्या मुलांना डायपर बांधलेले असत, त्यांना उत्तर देता येई?

आत्याबाई : नाही येत, हे मी कबूल करते. डायपरवरची पिवळी रेघ निळी झाली, म्हणजे शू झाली एवढे कळते. एकदा झाली की चारदा, ते कळत नाही. आणि पहिल्या आठवड्यात त्याच आकड्याला महत्त्व असते. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू झाली, की अंगावरचे दूध पुरते आहे असे आम्ही समजतो. कारण पाजणाऱ्या आईच्या दुधाला शेरा-मापट्याचे माप लावता येत नाही. पांढऱ्या लंगोटावर आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या एक-दोन दिवसांत कधी विटकरी रंगाचा भुकटीसारखा डाग पडतो, आया रक्त समजून घाबरतात. ते मूत्रातले क्षार असतात. पण तोच डाग चार-पाच दिवसांनंतरही पडत राहिला, तर मूल उपाशी आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे लागते. जुन्या लुगड्याच्या फडक्यावर जे वाचता येते, ते त्या दाण्यांच्या पोटात गडप होते, एवढा मुद्दा तुझा.

सूनबाई : मग पहिले काही आठवडे तरी दिवसा कापडच, असा निकाल लिहू?

आत्याबाई : लिही, पण करायचे तर नीट करायचे. आता बोलते ते टिपून घे, कारण अर्धवट कापड हे पूर्ण डायपरपेक्षा वाईट.

येथून पुढे वादाचे रूप पालटून त्याला तालमीचे रूप आले. आत्याबाईंच्या सूचनांचा तपशील असा. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते, तिच्यासाठी नवे लंगोट काढू नयेत. जुन्या मऊ सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे घ्यावेत, ते टाकून दिले तरी जीव हळहळत नाही. लंगोट निवडताना वरच्या छापील चित्रांपेक्षा कापड पाहावे : मलमल लवकर वाळते पण थोडे शोषते, टेरीचे कापड अधिक शोषते पण उशिरा वाळते, म्हणून श्रावणातल्या बाळाला घडी उलगडून वाळवता येणारे चौकोनी कापड बरे, शिवून जाड केलेल्या पट्ट्या उन्हाळ्यासाठी ठेवाव्यात. कृत्रिम धाग्याचे मायक्रोफायबर कापड त्वचेतला ओलावाही ओढते, म्हणून ते थेट अंगाला लावू नये. नवे सुती कापड पहिल्याच दिवशी पाणी पीत नाही. त्यातले नैसर्गिक तेल जाईपर्यंत ते चार-पाच वेळा धुवावे, आणि हे काम प्रसूतीपूर्वी उरकावे. नाळ पडेपर्यंत लंगोटाची वरची कड बेंबीखाली दुमडावी. कमरेच्या नाड्या बांधल्यावर त्यांच्याखाली दोन बोटे सहज जावीत. पाय सरळ जुळवून बाळाला दुपट्यात घट्ट आवळण्याची जुनी पद्धत खुब्याच्या सांध्याला घातक. पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाजूला पसरलेले राहू द्यावेत, त्या दृष्टीने दोन मांड्यांमधला कापडाचा फुगवटा मुळीच वाईट नाही.

धुण्याच्या बाबतीत त्यांचा कटाक्ष अधिक कडक होता. शी आधी शौचकुपात जावी, मग लंगोट थंड पाण्याने खळबळावा, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. पाण्याने भरलेल्या बादलीत लंगोट दिवसभर भिजत ठेवू नयेत. त्याने कापड कुजते, आणि रांगते मूल घरात असेल तर भरलेली बादली त्याच्या जिवावर बेतू शकते. कोरड्या झाकणाच्या डब्यात साठवून एक दिवसाआड ६० अंशांच्या पाण्यात, पुरेशा साबणाने धुवावेत आणि दोनदा खळबळावेत. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव अजिबात घालू नयेत, कारण त्यांचा थर बसून कापड पाणी शोषेनासे होते. तेलकट मलम लावायचे असेल तर मध्ये पातळ फडके ठेवावे, त्याचेही कारण हेच. लंगोट भिजताच नाकात जाणारा उग्र वास येऊ लागला, तर धुण्यात कोठे तरी कसर राहिली असे समजावे. लंगोट उन्हात, परंतु जलरोधक आवरणे सावलीत वाळवावीत. ऊन पिवळे डाग उडवते, पण आवरणाचा लेप तडकवते. ऊन नसेल तेव्हा यंत्रात दोनदा पिळून पंख्याखाली वाळवावेत आणि शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कोणी सुचवली तरी पेटवू नये, कारण तिचा विषारी वायू वासावाचून जीव घेतो; धुरीची हौस असलेल्या आज्यांना हे आपले नाव सांगून कळवावे, अशी परवानगीही त्यांनी दिली.

सूनबाई : आता राहिला तो कोरा रकाना. धुणार कोण?

आत्याबाई : तो मी भरते. कामवाल्या बाईंच्या नावे हे काम घालायचे नाही; त्या भांडी आणि फरशी या कामांसाठी येतात, त्यांच्या पगारात ही भर आपण मुकाट्याने घालू लागलो, तर तू मघाशी मला जे ऐकवलेस ते तुलाच लागू होईल. तूही सव्वा महिना वाकायचे नाहीस. राहिला माझा भाचा. त्याला बोलाव, आणि कागद घे.

अशा रीतीने त्या संध्याकाळी वहीच्या पानावर एक करारनामा तयार झाला, ज्याचा मसुदा सूनबाईंचा, दुरुस्त्या आत्याबाईंच्या आणि सही, फारशी चर्चा न करता, भाचेबुवांची. पहिले कलम असे की दिवसा घरात कापडी लंगोट वापरावेत. दुसरे, की रात्री, प्रवासात, लसीकरणाच्या दिवशी, आणि सतत दोन दिवस पाऊस लागून कोरड्या लंगोटांचा साठा डझनाच्या खाली आला असता, तयार डायपर वापरण्यास कोणाची तक्रार असू नये. तिसरे, की वापरलेला डायपर शी शौचकुपात झाडून, वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून कचरा नेणाऱ्या बाईंच्या हाती वेगळा द्यावा. चौथे, की लंगोट खळबळणे, यंत्र लावणे, वाळत घालणे आणि घड्या करणे ही चारही कामे बाळाच्या वडिलांच्या नावे लिहिली आहेत, आणि आईचे खाते त्या सदरात कोरे राहील.

मला त्या दोघींच्या वादाचे इंगित या चौथ्या कलमात दिसले. कापड की डायपर, हा प्रश्न आपण बहुधा खर्चाचा, आरोग्याचा किंवा पर्यावरणाचा म्हणून मांडतो, आणि त्या तिन्ही अंगांनी दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडतो, हे वरील संवादावरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. परंतु मूल वाढवताना जे मलिन काम निर्माण होते, ते कोणत्याही कापडाने वा कारखान्याने नाहीसे होत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि आजवर ज्या ज्या हातांकडे ते गेले, त्यांपैकी क्वचितच कोणाची संमती आधी घेतली गेली होती. हे काम कोणाच्या नावे आणि कोणाच्या संमतीने लिहिले आहे, याचा निर्णय जेथे आधी होतो, तेथे कापड निवडणे सोपे. जेथे तो होत नाही, तेथे कापड पुन्हा जुन्या मोरीत नेऊन बसवते, आणि डायपर ती मोरी दुसऱ्याच्या दारात हलवतो.

सही झाल्यावर भाचेबुवांनी नम्रपणे विचारले की कचेरीत अडकून पडल्यास एखाद्या दिवसाची सवलत मिळेल काय. आत्याबाईंनी कागद परत मागून घेतला आणि आपल्या हाताने पाचवे कलम लिहिले : सवलतीच्या दिवशीचे डायपर भाचेबुवांच्या खर्चाने येतील, तिसऱ्या कलमाप्रमाणे तेच ते गुंडाळतील, आणि अशा सवलती महिन्यात चारांच्या वर गेल्यास हा करारनामा रद्द समजून नव्या अटी ठरवण्याचा अधिकार सूनबाईंचा राहील.